साळवेबाईंची भिंत

“देव तुमचा, भिंत माझी. लावा की!” साळवेबाई म्हणाल्या आणि हिंगेकाकूंच्या हातातली फरशी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी ती उन्हात धरून पाहिली. वीतभर लांब, वीतभर रुंद, चकचकीत. वर दत्ताचं चित्र. तीन शिरं, मागे गाय, पायाशी चार कुत्री.

“रंग पक्का दिसतोय,” त्या म्हणाल्या. “पण काय हो हिंगेबाई, इथं कुत्री काय कमी होती म्हणून अजून चार आणलीत?”

काकूंना हसावं की रागवावं कळेना. मग त्या हसल्याच. माझा मुलगा निहार कडेवर होता. कपाळावर जखमेचा व्रण. त्यानं फरशीकडे बघून माझ्या मानेत तोंड खुपसलं.

गवंडी सिमेंट कालवून उभा होता. “कुठं लावू?”

“डोळ्यांच्या उंचीला लाव बाबा,” काकू म्हणाल्या. “देवाशी नजरानजर झाली पाहिजे, म्हणजे हातातली कचऱ्याची पिशवी आपोआप माघारी जाते.”

फरशी चिकटली. काकूंनी हात जोडले, मीही जोडले. साळवेबाईंनी पदरानं फरशीवरचे सिमेंटचे शिंतोडे पुसले.

“बाई, फक्त फरशीच हं,” मी त्यांना हळूच म्हटलं. “बाकी काही नाही.”

“अगं, एका फरशीनं माझी भिंत काय पडतीय का?” त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला आत गेल्या.

आमची कॉलनी म्हणजे तालुक्याच्या गावाबाहेर उसाच्या रानात पाडलेले प्लॉट. मधोमध कायद्यानं सोडावी लागते तेवढी मोकळी जागा. नकाशात तिथं हिरवा रंग आणि ‘बाग’ असं लिहिलेलं होतं म्हणे. घर घेताना नवऱ्यानं, शैलेशनं, मला हौसेनं सांगितलं होतं. प्रत्यक्षात काटेरी झुडपं होती आणि साळवेबाईंच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून सगळ्या कॉलनीचा कचरा. भाजीची देठं, डायपर, लग्नाच्या पत्रावळ्या. त्या ढिगावर कुत्र्यांचं राज्य.

मी तेव्हा कुठल्याच गोष्टीत नसायची. बी.एस्सी. झालेली, नोकरी नाही, मांडीवर पोर, आणि दिवसभर गॅलरी. कोण कधी गेलं, कुठला टेम्पो रिव्हर्समध्ये आला, कुणाच्या टाकीचं झाकण उघडं आहे, सगळं मला पाठ. शैलेश म्हणायचा, “कॉलनीला कॅमेरे बसवायची गरजच नाही. तू आहेस.”

आणि इतकं डोळ्यांत तेल घालूनही व्हायचं ते झालंच. निहारचा चेंडू ढिगाकडे गेला, तो मागे धावला. मी गॅलरीतून ओरडेपर्यंत कुत्री त्याच्यावर गेली होती. तो पळताना दगडावर पडला. मी जिना उतरून पोचले तेव्हा साळवेबाई एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात माझं पोर घेऊन उभ्या होत्या. त्याचं सगळं तोंड रक्तानं माखलेलं.

त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं. तीस-पस्तीस वर्षं नर्सगिरी केलेले हात. “चावलेलं नाही. नुसतं कपाळ फुटलंय. टाके नकोत,” त्या म्हणाल्या. “रडू दे त्याला. रडतंय म्हणजे चांगलं आहे. तू आधी पाणी पी.”

“मी कशाला पाणी...”

“पी म्हणते ना. आई घाबरली की पोर दुप्पट घाबरतं.”

मी पाणी प्याले. त्यांनी निहारचा शर्ट काढला, दगडावर खळबळून धुतला आणि मागच्या परसात दोरीवर टाकला. दोरीचं एक टोक सीताफळाच्या झाडाला, दुसरं कंपाउंडच्या भिंतीतल्या लोखंडी कडीला. झाड त्यांच्या मिस्टरांनी लावलेलं, कडीही त्यांनीच ठोकलेली. भिंतीच्या त्या बाजूला कचरा, या बाजूला माझ्या मुलाचा शर्ट. मी बघत बसले.

त्या दिवशी मी गॅलरीतून खाली उतरले ती उतरलेच.

महिला मंडळात गेले. नगरपालिकेत अर्ज केला, घंटागाडी सुरू झाली. पण ती यायची त्या वेळी कुणाचा डबा भरायचा असायचा, कुणाचं पाणी आलेलं असायचं. गाडी गाणं वाजवत निघून जायची आणि पिशव्या पुन्हा ढिगावर. आम्ही पाटी लावली, ‘येथे कचरा टाकू नये’. लोकांनी पाटीच्या खालीच टाकला, खुणेला बरी म्हणून. मग मी आणि हिंगेकाकू पहारा द्यायला लागलो. एका बाईला अडवलं तर ती म्हणाली, “तुमच्या सासऱ्यांची जागा आहे का?” काकू मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “नाही, पण तुझ्या सासऱ्यांना सांगते थांब.” त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

शेवटी काकूंनी फरशीची कल्पना काढली. पुण्याला बहिणीच्या सोसायटीत जिन्याच्या कोपऱ्यांवर देवांच्या फरशा लावल्या होत्या आणि लोकांचं थुंकणं थांबलं होतं.

मी नाक मुरडलं. “काकू, देवाला काय कचऱ्याची राखण करायला बसवायचं?”

“मग तू बस,” काकू म्हणाल्या.

भिंत साळवेबाईंची, तेव्हा त्यांना विचारायला मलाच पाठवलं. “तुझं त्यांच्याकडं जाणं-येणं आहे. आणि त्या... म्हणजे... त्यांच्यात चालेल का ते विचारून घे बाई,” काकूंनी सांगितलं.

मी विचारलं तर साळवेबाई नुसत्या हसल्या होत्या. “पोरांना खेळायला जागा होणार असेल तर काहीही लावा.”

आणि जागा झाली. नगरपालिकेनं ढीग उचलून नेला, आम्ही बायकांनी फावडी घेऊन उरलेलं साफ केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं एक पिशवी पडली नाही. तिसऱ्या दिवशी फरशीच्या कडेला कुणीतरी जास्वंदीचं फूल खोचलेलं दिसलं. कुत्री दोन-चार दिवस येऊन हुंगून गेली, मग येईनाशी झाली. मुलांनी झुडपं उपटून खेळपट्टी केली. संध्याकाळी साळवेबाई कंपाउंडच्या फाटकात खुर्ची टाकून बसायच्या. चेंडू आत गेला की मुलं ओरडायची, “आजी, चेंडू!” आणि त्या म्हणायच्या, “कुणाचा फटका होता? त्यानंच यायचं. आणि आधी सांगायचं, आउट की नॉटआउट.”

निहार तिथं पळायला शिकला. म्हणजे पळत आधीही होता, पण मी मागे न पळता तो पळायला लागला.

एकदा फरशीसमोर उभा राहून त्यानं मला विचारलं, “आई, ही कुत्री चावत का नाहीत?”

मी काही म्हणायच्या आत फाटकातून साळवेबाई म्हणाल्या, “त्यांना पोटभर मिळतं म्हणून.”

फुलानंतर उदबत्ती आली. उदबत्तीनं भिंत काळी होते म्हणून बोठेसरांनी खाली छोटा कट्टा बांधून घेतला. सर निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीचे अध्यक्ष. गोड माणूस, प्रत्येकाला ‘अहो-जाहो’. कट्ट्यावर निरांजन ठेवलं तर वाऱ्यानं विझायचं, म्हणून तीन बाजूंनी आडोसा झाला. आडोशाला वरून पाणी लागतं म्हणून पत्रा आला. मग गुरुवारची आरती. मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमलं आणि नवसाची संगमरवरी मूर्ती आली, फरशीच्या पुढे, भिंतीला पाठ टेकून. प्रत्येक वेळी असं वाटायचं की एवढंच तर आहे. मीही आरतीला जायची. निहार घंटा वाजवायला धावायचा. घंटा वाजवायला मिळावी म्हणून तो बुधवारपासून शहाण्यासारखा वागायचा.

साळवेबाई म्हणायच्या, “माझ्याकडं भाडेकरू आलाय बघ विशाखा. भाडं म्हणून दर गुरुवारी खडीसाखर.” आरतीच्या बायका त्यांच्या ओट्यावर टेकायच्या, पाणी मागायच्या. त्या तांब्या भरून ठेवायच्या. काही बायका त्या तांब्यातलं पाणी प्यायच्या नाहीत, घरून बाटली आणायच्या. साळवेबाईंना ते दिसत असणारच. मला दिसायचं.

मग प्रदक्षिणेचं निघालं.

मूर्ती भिंतीला टेकलेली, त्यामुळे देवाला फेरी मारता येत नव्हती. लोक जागच्या जागी स्वतःभोवती गर्रकन फिरून नमस्कार करायचे. तशी रीत आहेच. पण हिंगेकाकूंना रक्तदाबाचा त्रास. एका गुरुवारी त्या पाचव्या गिरकीला भोवळ येऊन थेट पूजेच्या ताटावर बसल्या. कुंकू, हळद, सगळं लुगड्यावर. आम्ही हसून हसून बेजार झालो. काकूसुद्धा हसल्या. पण त्या हसण्यातच कुणीतरी म्हणालं, “मागून जायला वाट पाहिजे बुवा.” आणि सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

भिंतीच्या मागे साळवेबाईंचं परस होतं. धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी, सीताफळाचं झाड आणि त्यापलीकडे लगेच स्वयंपाकघराची खिडकी.

रविवारी सकाळी बैठक ठरली. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या सीताफळं वेचत होत्या.

“मी उद्या बोलणार आहे,” मी सांगितलं.

“काय बोलणार?”

“की आपण फक्त फरशी म्हणालो होतो. मी स्वतः तुम्हाला शब्द दिला होता.”

त्यांनी एक सीताफळ दाबून पाहिलं, पिकलेलं निघालं ते माझ्या हातात दिलं. “बोल की. हे निहारला दे. बिया काढून दे, गिळतो तो.”

बैठक पत्र्याखालीच भरली, देवासमोर सतरंजीवर. साळवेबाई उपासनेहून परस्पर आल्या, पांढरी साडी, हातात चेन लावलेली बायबलची पिशवी. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. खाली बसले असते तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण गुडघे दुखायचे, म्हणून बसल्या.

बोठेसरांनी फार सुंदर सुरुवात केली. साळवेबाईंचे उपकार कॉलनी विसरणार नाही, त्यांच्याच भिंतीनं देवाला आसरा दिला, वगैरे. “बाई, तुमच्या परसातली तीन फूट पट्टी मिळाली तर प्रदक्षिणेचा प्रश्न सुटतो. भिंत आम्ही आत सरकवून नवी बांधून देऊ. जबरदस्ती मुळीच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर विषय इथंच संपला.”

विषय इथं संपणार नाही हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

मी उभी राहिले. घरून चार वाक्यं घोकून आले होते. “सर, ही फरशी आपण कचऱ्यासाठी लावली होती. मुलांना मैदान मिळावं म्हणून. बाईंनी ते मुलांसाठी मान्य केलं. आता आपण त्यांच्या दारात...”

“वहिनी,” मागून गुंजाळ म्हणाला. तरुण, ठेकेदारी करणारा, पुढच्या निवडणुकीला उभा राहणार असं सगळे म्हणायचे. “तुमचा मुलगा आज मैदानात पळतोय, तो कुणाच्या कृपेनं?”

“मैदान आम्ही फावडी घेऊन...”

“बरं, असू दे. ज्यांची जागा आहे त्या काही बोलत नाहीत. तुम्हीच का बोलताय?” तो हसला. “का तुमचंही आता रविवारचं जाणं-येणं सुरू होणार आहे? तसं सांगा, आम्ही आरतीची वेळ बदलून घेतो.”

बायकांत खसखस पिकली. वाईट हसणं नव्हतं ते, कुणाच्याही विनोदाला हसतात तसं. शैलेश पुरुषांमध्ये बसला होता, त्यानं मान खाली घातली. मला पुढचं वाक्य आठवेना, आणि तरी मी बोलायला तोंड उघडलं.

“विशाखा, बस खाली,” साळवेबाई म्हणाल्या.

नर्सचा आवाज. लहान मुलाला सुई टोचताना काढतात तो. मी बसले.

त्या खुर्चीतून उठल्या. “पट्टी घ्या. आणि तीन फूट कशाला, चार घ्या. तीन फुटांत हिंगेबाई वळायच्या नाहीत.”

पत्रा दणाणेल इतकं हसू झालं. हिंगेकाकूंनी तोंडाला पदर लावला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू ओसरेपर्यंत साळवेबाई तशाच उभ्या राहिल्या.

“एक मात्र आहे, सर. मागं घ्या हवं तेवढं. पुढं मैदानात एक वीट यायला नको. ते पोरांचं.”

“अगदी बरोबर,” बोठेसर म्हणाले. त्यांनी वळून कट्ट्यावर हात ठेवला. “देवासमोर शब्द देतो, बाई.”

टाळ्या झाल्या. खडीसाखर वाटली. साळवेबाईंनीही खाल्ली.

फाटकात मी त्यांना गाठलं. “मला का बसवलंत?”

“अगं, बोलून काय मिळणार होतं ते मी मागून घेतलं की. मैदान घेतलं.”

“पण झाड? तुमच्या मिस्टरांचं...”

“झाड काय, बी टाकली की येतं.” त्या पिशवीची चेन उगाच उघडत-लावत होत्या. “मी आज आहे, उद्या मुलीकडं नाशिकला. तुला इथंच राहायचंय. निहारच्या वाढदिवसाला पोरं यायला पाहिजेत ना घरी? तेवढं बघ. बाकीचं सोड.” आणि मग, आत जाता जाता, “झाड काढतील तेव्हा मी नाशिकला जाऊन येईन म्हणते. मला बघवायचं नाही.”

त्या गेल्या होत्या तेव्हा काम झालं. मी गॅलरीतून पाहिलं. भिंत दोन्ही बाजूंनी फोडली, मूर्तीच्या पाठीमागचा तुकडा तेवढा ठेवला, कारण देवानं टेक सोडू नये असं सगळ्यांचं मत पडलं. सीताफळाचं झाड अर्ध्या तासात आडवं झालं. कच्ची फळं पोरांनी वेचून नेली. नवी भिंत आत सरकली, कमरेएवढीच, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी पुढ्यात. आता देवळाची वाट त्या खिडकीवरून जात होती. गुरुवारी हिंगेकाकूंनी पहिली फेरी घातली, सावकाश, भोवळ न येता. खाली उतरून मीही घातली. निहार माझ्या पुढे पळत होता.

साळवेबाई परत आल्या आणि वर्षभर राहिल्या. त्यांना कुणी काही बोललं नाही. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, काहीतरी भांडण झालं असणार. काहीच झालं नाही. फक्त फेरी मारणाऱ्यांची नजर खिडकीतून आत जायची. एका गुरुवारी काकूंनी खिडकीतूनच प्रसादाची वाटी आत दिली आणि प्रेमानं विचारलं, “काय बाई, आज काय बेत?” आत बोंबील भाजत होते. वास सगळ्या वाटेवर आला होता. काकूंच्या मनात खरंच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिडकीला पडदा लागला. मग खिडकी बंद झाली. मग रविवारचं मासळीचं कालवण बंद झालं. मला कळलं, कारण पूर्वी त्या दिवशी वाटीभर माझ्याकडे यायचं.

“आता पचत नाही गं,” त्या म्हणाल्या.

सामानाचा टेम्पो आला त्या दिवशी निहार शाळेत होता. त्यांनी त्याच्यासाठी टेबलावर एक चेंडू ठेवला होता, त्यांच्या परसात कधीतरी हरवलेला. “याचा मालक कोण ते कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या. टेम्पोत पुढे बसल्यावर त्यांनी काच खाली केली. “शैलेशला सलाम सांग. आणि तापबीप आला निहारला तर फोन कर. घाबरू नको.”

आठवड्यातच त्याला ताप आला. मी थर्मामीटर हातात धरून फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून त्या म्हणाल्या, “बरं. आता तू आधी पाणी पी.”

मी फोन कानाला लावून पाणी प्याले.

सभामंडपाची बैठक पुढच्या वर्षी झाली. पत्रा गळत होता, गर्दी वाढली होती, गुंजाळ निवडून आला होता आणि तो स्लॅब घालून देणार होता. मैदानातच, दुसरीकडे जागा कुठे होती? मी उभी राहिले. या वेळी मला एकही वाक्य घोकावं लागलं नाही. बोठेसरांनी कट्ट्यावर हात ठेवून दिलेला शब्द मी जसाच्या तसा म्हणून दाखवला. मला कुणी मध्ये तोडलं नाही, कुणी हसलं नाही, गुंजाळसुद्धा नाही. बस खाली म्हणणारंही कुणी नव्हतं. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“खरं आहे, शब्द दिला होता,” बोठेसर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते काही नाटक नव्हतं. “पण ज्यांना दिला त्या आता इथं राहत नाहीत, विशाखाताई.”

मग त्यांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. शैलेशचाही झाला. घरी येताना तो म्हणाला, “सगळ्यांत माझा एकट्याचाच खाली कसा दिसला असता? तू बोललीस ना, पुरे झालं की.”

आता निहार मला उंचीनं मागे टाकून गेलाय. तो आणि त्याचे मित्र रस्त्यावर क्रिकेट खेळले, वाढले, आणि मी गॅलरीतून गाडी आली की ओरडत राहिले. साळवेबाईंच्या घरात पुजारी राहतात. त्या नाशिकलाच वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मंडप छान झालाय. थंडगार असतो. कचरा आता मैदानाच्या उरलेल्या टोकाला पडतो, विजेच्या डीपीपाशी. कुत्रीही तिकडे गेलीत. मागच्या महिन्यात हिंगेकाकू काठी टेकत तिथं उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “विशाखा, इथं एखादी गणपतीची फरशी लावून टाकू या का?” मी त्यांच्याकडे बघत राहिले. “का गं? अशी काय बघतेस?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नाही.

गुरुवारी मी देवळात जाते. समोरून नमस्कार करून मागच्या वाटेनं वळते. गाभाऱ्याची पाठ म्हणजे अजून तोच भिंतीचा तुकडा आहे, वरून भगवा रंग दिलाय एवढंच. खांद्याच्या उंचीला ती लोखंडी कडी तशीच आहे. लोक फेरी मारताना पाठीमागे डोकं टेकवतात, त्यात कुणाचा तरी हात कडीला लागत गेला असणार. आता तिला हळदकुंकू लावलेलं असतं. गुरुवारी कुणीतरी तिच्यात हार अडकवतं.

परवा तिथं एक नवी मुलगी उभी होती, कॉलनीत नुकतीच लग्न होऊन आलेली. कडेवर तान्हं बाळ. तिनं कडीला बोट लावलं, बाळाच्या कपाळाला टेकवलं आणि मला विचारलं, “काकू, हे काय आहे?”

“साळवेबाईंची कडी,” मी म्हटलं. “त्या कपडे वाळत घालायच्या.”

तिनं पदर डोक्यावर घेतला. “इथल्या कुणी थोर होत्या का?”

बाळ कुरकुरायला लागलं. तिनं घाईघाईनं त्याची टोपी सारखी केली, गळा चाचपून पाहिला, ताप आहे की काय म्हणून. माझ्याकडे घाबरून बघितलं.

“काही नाही, नुसता उकाडा आहे,” मी म्हटलं. “तू आधी पाणी पी.”